बारीक टायपातला भोपळा

छापखान्यात त्याला सगळे अनुस्वार म्हणत. एक तर अंगाने तो टिंबाएवढा, आणि दुसरं म्हणजे सगळ्यांच्या डोक्यावर बसायची त्याला सवय. एकतीस वर्षं त्याने मुद्रितं तपासली. शाळेची पुस्तकं, लग्नपत्रिका, औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, काही म्हणून त्याच्या नजरेतून सुटलं नाही. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेल्या मानपत्रात त्याला दोन चुका सापडल्या, आणि त्या त्याने भाषणं चालू असतानाच लाल पेनाने दुरुस्त केल्या.

असा माणूस घरी बसला की घरच्यांची काय गत होत असेल ते वेगळं सांगायला नको. घरात होती एकटी धाकटी बहीण. नवरा गेल्यावर, चौदा वर्षांपूर्वी, ती मुलीला घेऊन भावाकडे राहायला आली आणि खालच्या पुढच्या खोलीत तिने शिवणाचं दुकान टाकलं. जुने कोट आत घ्यायचे, पँटी लांब-आखूड करायच्या, अस्तर बदलायचं, असली कामं. गल्लीत ती टेलरबाई. मुलगी लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेली आणि औषधांच्या दुकानात कामाला लागली. दादाने लग्न केलंच नव्हतं. विचारलं तर म्हणायचा, चांगलं स्थळ आलं होतं, पण पत्रात ऱ्हस्व-दीर्घाच्या फार चुका होत्या.

तर निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यात त्याने बहिणीच्या दुकानाची पाटी सुधारली, दुसऱ्या महिन्यात तिची मापांची वही सुधारली. तिसऱ्या महिन्यात तिने कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, "दादा, तू काहीतरी शीक. लांबचं काहीतरी."

जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला स्पॅनिशचा एक शब्दकोश मिळाला. उशीएवढा जाड. म्हणून तो स्पॅनिश शिकला. तीन वर्षं रोज सकाळी टेबलाशी बसून त्याने शब्द पाठ केले. समोर बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळे त्याला टोकायलाही कुणी नव्हतं, आणि आपल्याला ही भाषा उत्तम येते अशी त्याची पक्की खात्री झाली.

अशात नगरपालिकेच्या मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ दुरुस्त करायचं ठरलं. अकरा वर्षं ते पावणेचारवर अडकून बसलं होतं. तसल्या जुन्या यंत्राचा जाणकार मिळाला तो बाहेरून, स्पॅनिश बोलणारा. पन्नाशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, बोटांच्या पेरांत तेल मुरलेलं. काम सहा महिन्यांचं होतं. त्याला राहायला खोली हवी होती आणि बोलायला दुभाषा. अनुस्वाराने दोन्ही देऊ केलं. माळ्याच्या खालची खोली झाडूनपुसून दिली आणि दुभाष्याची जागा स्वतः घेतली. गल्लीने पाहुण्याचं नाव ठेवलं घड्याळजी.

पहिल्याच संध्याकाळी घड्याळजी मनोऱ्याच्या एकशे चौदा पायऱ्या उतरून घरी आला, खुर्चीत बसला आणि काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतायत?" बहिणीने विचारलं.

"म्हणतोय, मी धूळ झालोय."

बहिणीने लगेच पाणी तापवलं, टॉवेल आणि साबण हातात दिला. घड्याळजीला चहा हवा होता. पण तो भला माणूस, गुपचूप अंघोळ करून आला. पुढे सहा महिने, दमलो म्हटलं की त्याला अंघोळ घडायची.

एकदा त्याच्या कामाच्या कोटाची शिवण उसवली. ती बघून बहीण त्याला म्हणाली, "हा कोट ज्याने शिवला त्याला पुन्हा सुई हातात धरू देऊ नका." अनुस्वाराने ते शब्दाला शब्द पोचवलं. घड्याळजी खो-खो हसला आणि कौतुकाने एक वाक्य बोलला.

अनुस्वाराने जरा विचार केला. "म्हणतोय, तुझ्या जिभेवर केस नाहीत."

"असायला हवे होते का?"

"तसं काही म्हणाला नाही."

"मग सांग त्यांना, मी बघून सांगते," बहीण म्हणाली, आणि आरशासमोर जाऊन तिने खरंच जीभ बाहेर काढून बघितली. घड्याळजी पुन्हा हसला. आपण काय विनोद केला ते बहिणीला कळलं नाही, पण समोरचा माणूस आपल्यामुळे हसतोय हे तिला आवडलं. चौदा वर्षांत असं फारसं झालं नव्हतं.

असं चाललं होतं. वाक्यं वरच्या खोलीतून निघायची धड, आणि स्वयंपाकघरात पोचेपर्यंत त्यांचा पाय तरी मोडायचा नाही तर नाक तरी. अनुस्वाराला त्याचा पत्ता नव्हता. एकही शब्द चुकत नव्हता ना, मग झालं तर.

पाचव्या महिन्यात एका सकाळी घड्याळजी बराच वेळ जिन्यात उभा राहिला. खाली बहीण शिवणयंत्रावर बसली होती, खिडकीतून उजेड तिच्या हातावर पडला होता. तो हळूच अनुस्वाराला म्हणाला, "तुमची बहीण. माझं अर्धं संत्रं."

अनुस्वार दुकानात गेला. "त्याला अर्धं संत्रं हवंय."

"अर्धंच?"

"अर्धंच म्हणाला. स्पष्ट."

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळजी खाली आला तर टेबलावर बशीत अर्धं संत्रं. बहिणीने ते हसून त्याच्याकडे सरकवलं, आणि वाया कशाला घालवायचं म्हणून उरलेलं अर्धं स्वतः सोलून खाल्लं. घड्याळजी आधी संत्र्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. मग कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. त्या दिवशी तो एकशे चौदा पायऱ्या शीळ घालत चढला, असं पालिकेच्या पहारेकऱ्याने सांगितलं.

आणि हे रोज सुरू झालं. रोज सकाळी बशी, रोज अर्धं त्याला, अर्धं तिला. तीन आठवडे. घड्याळजी दाढी रोज करू लागला. मराठीतले शब्द वेचू लागला. "गरम", "उद्या", "छान", "बस्स". अनुस्वाराला वाटलं, फळं मानवली.

काम संपत आलं तेव्हा एका रविवारी दुपारी घड्याळजी इस्त्रीचा सदरा घालून स्वयंपाकघरात आला. अनुस्वाराला शेजारी बसवलं. बहीण ओट्याशी भांडी पुसत होती. घड्याळजीने घसा साफ केला आणि म्हणाला, "तिला विचारा. काम संपल्यावर मी इथेच राहायचं म्हटलं, तर ती मला भोपळे देईल का?"

अनुस्वाराने भाषांतर केलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

"भोपळे?" बहिणीचा चेहरा खुलला. मागच्या अंगणात या वर्षी वेल मोकाट सुटला होता आणि कुणाच्या गळ्यात भोपळे मारावे याची तिला पंचाईत पडली होती. "देईन की. हवे तेवढे देईन. विचारायचं काय त्यात?" आणि ती मान डोलवत, हसत कोठीत गेली, दोन्ही हातांत मावेना असा एक भोपळा घेऊन आली आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

घड्याळजीचा चेहरा उतरत गेला. तो बराच वेळ भोपळ्याकडे बघत बसला. मग उठला, तिला वाकून आभार मानले आणि भोपळा पोटाशी धरून जिना चढून गेला.

"आवडला नाही वाटतं," बहीण म्हणाली.

"लहान निवडायला हवा होतास," अनुस्वार म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून घरावर मळभ आलं. घड्याळजी बशीतलं संत्रं न खाता निघून जाऊ लागला. काम महिनाअखेरपर्यंत चालणार होतं, ते येत्या गुरुवारी संपवतो म्हणाला. बहिणीला वाटलं, माणसाने तोंड उघडून भोपळा मागितला आणि आपण कच्चा दिला, हेच चुकलं. म्हणून तिने सोमवारी भोपळ्याचं सूप केलं. मंगळवारी पुन्हा केलं, वर लोणी घालून. ती जखमेवर मीठ चोळतेय हे तिला कुठून कळणार? घड्याळजी एकेक चमचा औषधासारखा गिळत होता.

"दादा, हा भोपळाच मागितला होता ना त्यांनी?" मंगळवारी भांडी आवरताना तिने विचारलं. "नाहीतर दुधी म्हणायचं असेल, आणि तू भोपळा म्हणालास."

अनुस्वाराला हे लागलं. एकतीस वर्षांत त्याच्या शब्दावर कुणी शंका घेतली नव्हती. त्याने तडक वर जाऊन शब्दकोश काढला. 'कालाबासा'. भोपळा. अगदी बरोबर. कोश मिटणार तेवढ्यात त्याला दिसलं की त्या शब्दाखाली बारीक टायपात आणखी चार ओळी आहेत. त्या त्याने कधी वाचल्या नव्हत्या. खरं सांगायचं तर तीन वर्षांत त्याने कोशातलं बारीक टायपातलं काहीच वाचलं नव्हतं. त्यासाठी वाचायचा चष्मा बदलावा लागला असता, आणि आपली नजर उतरलीय हे त्याला कबूल करायचं नव्हतं.

त्याने बहिणीच्या दुकानातलं भिंग आणलं. दिलं होतं असं: 'भोपळे देणे: प्रेमाची मागणी नाकारणे.'

त्याने भिंग पुसून पुन्हा वाचलं. मग 'संत्रं' काढलं. 'अर्धे संत्रे: आयुष्याचा जोडीदार.' मग 'केस'. 'जिभेवर केस नसणे: सडेतोड बोलणे.' मग 'धूळ'. 'धूळ होणे: दमून जाणे.'  सहा महिने तो दुभाषा म्हणून मिरवत होता, आणि सहा महिने दोन भल्या माणसांच्या मध्ये उभा राहून त्याने नुसती फेकाफेक केली होती. त्याच्या बहिणीने एका माणसाला तीन आठवडे रोज सकाळी होकार दिला होता, मग एका दुपारी हसत हसत नकार दिला होता, आणि तिला दोन्हींची खबर नव्हती.

आता सरळ खाली जाऊन सांगायचं. तो उठलाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबला.

खाली तिचं यंत्र चालू होतं. त्या आवाजावर त्याची चौदा वर्षं गेली होती. सकाळचा चहा, संध्याकाळचं दोघांचं भांडण, रविवारी भाचीचं येणं. घड्याळजी गुरुवारी जाणार होता. कुणी काही बोललं नाही तर शुक्रवारपासून सगळं होतं तसं. चूक त्याची एकट्याची, आणि ती फक्त त्यालाच दिसलेली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एक चूक दिसली आणि ती राहू द्यावीशी वाटली.

तो परत फिरला आणि कोश मिटून ठेवला.

बुधवारी सकाळी खोकल्याच्या गोळ्या घ्यायच्या निमित्ताने तो भाचीच्या दुकानात गेला. खोकला काही त्याला नव्हता. भाचीने गोळ्या दिल्या आणि काउंटरवर कोपरं टेकून त्याच्याकडे बघत राहिली.

"मामा, काय झालंय?"

त्याने आडून आडून सांगितलं. म्हणजे एका माणसाने एका बाईला असं असं विचारलं, आणि मधल्या दुभाष्याने असं असं सांगितलं. भाचीने सगळं ऐकून घेतलं. तिच्या आईसारखीच तीही जिभेवर केस नसलेली.

"तुम्हाला भोपळा ऐकून शंका आली नाही?" ती म्हणाली. "परीक्षेत शून्य मिळालं की आपण काय मिळालं म्हणतो? आपण कामावरून काढताना नारळ देतो. पळून जाताना हातावर तुरी देतो. नकार द्यायचा तर वाटाण्याच्या अक्षता लावतो. अख्खी भाजीमंडई वापरून झाली आपली, आणि त्या बिचाऱ्याने एक भोपळा म्हटला तर तुम्हाला त्याची भाजीच दिसली."

"अक्षर न् अक्षर बरोबर होतं," मामा म्हणाला.

"असेल." तिने कोपरं काउंटरवरून उचलली. "आईला सांगितलंत?"

"बघतो."

 भाचीने गोळ्यांची पुडी त्याच्या खिशात घातली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. तिने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला रस्ताभर वाटत राहिलं.

घरी आला तेव्हा बहीण यंत्रावर नव्हती. खिडकीशी स्टुलावर बसून घड्याळजीचा कामाचा कोट मांडीवर घेऊन हाताने तुरपाई करत होती. तो कोट तिने पूर्ण उसवला होता. आतलं जुनं अस्तर काढून नवीन घातलं होतं, कोपरांना आतून दुहेरी कापड लावलं होतं. टाके इतके बारीक होते की बाहेरून काही दिसूच नये. असलं काम ती गिऱ्हाइकांना देत नसे. वेळ फार जातो म्हणायची.

"कुणी सांगितलं हे करायला?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. उद्या जातायत ना. वर वारा असतो तिथे, मनोऱ्यांवर." तिने दोरा दाताने तोडला आणि मान वर केली नाही.

एवढ्या बारीक टाक्यांना मात्र भिंग लागत नव्हतं. अनुस्वार तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"माझ्या हातून एक चूक झालीय," तो म्हणाला. हे वाक्य तो पहिल्यांदाच बोलत होता, त्यामुळे ते थोडं तिरकं निघालं. मग त्याने सगळं सांगितलं. भोपळा, संत्रं, केस, धूळ. कालच कळलं होतं, हेही सांगितलं.

बहीण ऐकत होती. सुई बोटांत तशीच.

"म्हणजे मी त्यांना नाही म्हटलं."

"म्हटलंस. वर हसलीस."

"आणि त्याआधी?"

"रोज सकाळी हो म्हणत होतीस."

"भोपळा मांडीवर ठेवला मी त्यांच्या."

"आणि दोन दिवस सूप पाजलंस."

तिने तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले. रडते की काय म्हणून तो घाबरला, पण ती हसत होती, आणि हसता हसता डोळेही पुसत होती. मग एकदम गंभीर झाली.

"काल कळलं, आणि आज सांगतोयस?"

"हो."

"का?"

त्याने खुर्चीची दांडी घट्ट धरली. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिला काय कळायचं ते कळलं. रागावली असती तर त्याने ऐकून घेतलं असतं. तिने फक्त कोटाची घडी घातली.

"वेडा आहेस," ती म्हणाली. "माणूस आला तर वरच्या खोलीत येईल. तुझ्या खुर्चीत कशाला बसेल?"

ती कोट हातावर घेऊन निघाली. चप्पल एका पायात घातली आणि दुसरी शोधत होती तेव्हा तो म्हणाला, "मी येतो. बोलायला कुणी लागेल."

"पायथ्याशी ये. वर यायचं नाही."

अनुस्वार मनोऱ्याच्या पायथ्याशी बाकावर बसला. बहीण एकशे चौदा पायऱ्या चढून गेली. वर काय झालं ते त्याला आजतागायत माहीत नाही. त्याला दिसलं ते एवढंच, की वरचे काटे एकदा पुढे गेले, मग बरेच मागे गेले, मग नुसतेच लटकत राहिले, जणू त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. पहारेकरी येऊन म्हणाला, "काम जोरात दिसतंय." अनुस्वार म्हणाला, "हो, नाजूक भाग आहे."

पाऊण तासाने दोघं खाली आली. बहिणीच्या बाहीला काळं तेल लागलं होतं. कोट घड्याळजीच्या अंगात होता, आणि तो त्याच्या अस्तरावरून हात फिरवत होता.

"काय बोललीस?" अनुस्वाराने विचारलं.

"जेवढं येतं तेवढं."

"पण काय?"

"ते तुला भाषांतराला देणार नाही," ती म्हणाली.

एवढं मात्र घड्याळजीच्या तोंडून त्याने ऐकलं, स्वच्छ मराठीत: "उद्या नाही." बहिणीने त्याला थांबायला सांगितलं होतं. होकार तिने इतक्यात दिला नाही. या वयात घाई कसली, असं म्हणून तिने त्याला चांगले चार महिने झुलवलं. तोवर मनोऱ्याचं घड्याळ चालू झालं, पालिकेने त्याच्या देखभालीचं काम त्यालाच दिलं, आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघं समोरासमोर बसून एकमेकांच्या भाषेचा पिट्टा पाडू लागली. चार महिन्यांनी नोंदणी कार्यालयात सह्या झाल्या. तिथल्या बाईंनी दुभाषा लागेल का म्हणून विचारलं, तेव्हा नवरा, नवरी आणि भाची एकाच वेळी नाही म्हणाले. अनुस्वाराने साक्षीदार म्हणून सही केली, आणि अर्जातली एक वेलांटी तेवढी दुरुस्त केली.

त्याची खुर्ची कुणी घेतली नाही. पण तो मात्र बदलला. त्याने नवा चष्मा केला, कोशातला बारीक टाइप पहिल्या पानापासून वाचून काढला, आणि आता घड्याळजी साधं काही बोलला तरी तो आत कुठला अर्थ दडलाय ते शोधत बसतो. दार उघडं आहे, असं घड्याळजी म्हणाला तर हा अर्धा तास 'दार' वाचतो, आणि मांजर तेवढ्यात दूध पिऊन जातं.

परवाची गोष्ट. दुपारी तिघं बसली होती. घड्याळजी खुर्चीत जागच्या जागी चुळबुळत होता. शेवटी तो अदबीने म्हणाला, "तुम्ही माझ्या चष्म्यावर बसला आहात."

अनुस्वाराने भुवया उंचावल्या. मग हळूच कोश पुढे ओढला. आधी 'चष्मा' बघितलं, बारीक टायपासकट. मग 'बसणे' बघितलं, ते दोन पानं होतं. दुसऱ्याच्या नजरेआड येणे असा काही अर्थ असावा, किंवा दुसऱ्याचं मत दडपणे, असं त्याला वाटलं, आणि तो मनातून जरा खजील झाला.

"माझ्याकडून तसं होत असेल तर माफ करा," तो म्हणाला. "पण हा वाक्प्रचार मला कोशात सापडत नाहीये."

"दादा," बहीण यंत्रावरून मान न वळवता म्हणाली, "ऊठ."